मन वळविणें आणि मन वळणें

घरांतील वडील माणसें आणि आम्ही शिक्षक यांस एक खोड असते. मुलाचें कांहीं चुकतें आहे असें दिसतांच तें ताबडतोब सरळ करावयास आम्ही धांवतों. रात्रीं उशीरापर्यंत मोबाइल घेऊन बसणाऱ्या मुलास आम्ही डोळ्यांची हानि, झोंपेची हानि, परीक्षेची भीति, असें सारें एका दमांत ऐकवितों. मुलगा म्हणतो, "सगळेच बसतात." आम्ही आवाज चढवितों, तो आणखी एक सबब पुढें करितो. अशा रीतीनें दहा मिनिटांत आम्ही त्याच्याकडून त्याच्याच वाईट संवयीची वकिली पाठ करून घेतों. आणि मनुष्य जें आपल्या तोंडानें वारंवार बोलतो, तें त्यास खरें वाटूं लागतें.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनीं हीच गोष्ट मद्यपी रुग्णांविषयीं हेरली. त्यांचा पहिला निबंध १९८३ सालीं निघाला, व १९९१ सालीं स्टीफन रॉलनिक यांच्यासह त्यांनीं या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. व्यसनी मनुष्यास खडसावून त्याचा नकार मोडावा, असा तेव्हां तिकडे प्रघात होता. परंतु उपचारक जितका अधिक खडसावी, तितका रुग्ण पुढें वर्षभरानें अधिक पीत असे, असें मिलर यांच्या १९९३ सालच्या एका अभ्यासांत आढळलें.

याचें कारण मनुष्याचीं दोन मनें. प्रेषित पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायांत ही ओढाताण वर्णिलीच आहे. अशा मनुष्यापुढें आपण एका बाजूची वकिली केली, कीं दुसरी बाजू घेणें त्यास भागच पडतें. बेथेस्दा तळ्याकाठीं ३८ वर्षें आजारी असलेल्या मनुष्यास प्रभूनें प्रथम त्याची इच्छा विचारिली, हेंही येथें आठवतें.

समजा, आईनें विचारिलें, "रात्रीं मोबाइल बाजूस ठेवणें तुला शून्यापासून दहापर्यंत किती महत्त्वाचें वाटतें?" मुलगा म्हणतो, "चार." येथें बहुतेक पालक "चारच कां? आठ कां नाहीं?" असें विचारतील, आणि त्यांस सबबीच ऐकाव्या लागतील. प्रश्न उलटा हवा: "चार म्हणालास, एक कां नाहीं म्हणालास?" आतां तो विचार करून सांगतो, "सकाळीं पहिल्या तासाला डोळे मिटतात. गणित निसटतें." हें कारण त्याचें स्वतःचें झालें. त्यावर आई "मी सांगत नव्हतें का?" म्हणाली, कीं सारें फुकट! तिनें एवढेंच म्हणावें, "म्हणजे गणित हातचें जाऊं नये असें तुला वाटतें." हा प्रश्न नव्हे, त्याचेंच बोलणें त्यास परत दिलें आहे. पुष्कळदां मुलगा पुढचें वाक्य आपण होऊन बोलतो. न बोलल्यास थांबावें. थांबणें हाच या विद्येंतील अवघड भाग. आम्हां शिक्षकांस तर फारच.

उपदेश अगदींच वर्ज्य नाहीं. आधीं "एक गोष्ट सांगूं का?" अशी परवानगी घ्यावी, थोडक्यांत सांगावें, व "तुला काय वाटतें?" असें विचारावें. मुलाचें मन वळलें, कीं बेत लहान व स्पष्ट ठरवावा: मोबाइल किती वाजतां, कोणत्या खोलींत, कोणाच्या हातीं.

मात्र ही मुलांस फसविण्याची युक्ति नव्हे. उत्तर आधींच ठरवून प्रश्न विचारणारा त्यांस तात्काळ ओळखूं येतो. तसेंच, जुनें दारूचें व्यसन एकाएकीं तोडल्यास जीवावरही बेतूं शकतें. तेथें डॉक्टरच हवा.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग कागदावर स्वतःवर करून पाहावा. संवय सोडण्याच्या महत्त्वास एक आकडा द्यावा, व तें जमेल या भरंवशास दुसरा. पहिला मोठा आणि दुसरा लहान निघाला, तर उणीव इच्छेची नसून उपायाची आहे. तेव्हां स्वतःवर रागावत न बसतां कोणाची तरी मदत मागावी.