सोसायटीचा ग्रुप, निवडणूक आणि अ‍ॅडमिन

निवडणूक जाहीर झाली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती आणि मेंटेनन्सच्या निरोपांत राजकीय फॉरवर्ड मिसळू लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर कुणी तक्रार केल्याशिवाय कंपनीलाही वाचता येत नाही. त्यामुळे तो वाचणारा, हटवणारा आणि त्यापायी बोलणी खाणारा माणूस एकच असतो : अ‍ॅडमिन. तोही बिनपगारी.

कंपनीने आपल्या परीने फॉरवर्डचा वेग कमी केला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या, फॉरवर्डमधून पसरलेल्या अफवेतून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर झाली. २०२० पासून, अनेकदा फिरलेला आणि दुहेरी बाण लागलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गळून पडतो. म्हणून बाण नसलेला, लांबलचक आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ असे लिहिलेला संदेश आधी तपासावा.

सगळा खोटा मजकूर पक्षाचा झेंडा घेऊन येत नाही. ‘यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा, चौदा टक्क्यांवर टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होते’ हा संदेश निवडणुकीगणिक नव्याने फिरतो. निवडणूक संचालन नियमांतला ४९अ हा मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज म्हणजे मतदाराच्या ओळखीवर उमेदवाराच्या प्रतिनिधीने घेतलेली हरकत. त्यासाठी तो दोन रुपये अनामत भरतो. टेंडर व्होट मिळते ते आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल तेव्हा. चौदा टक्क्यांची अट नियमांत कुठेही नाही. यादीत नाव नसेल तर मत नाही, एवढे साधे आहे. आणि उमेदवारी अर्जाची मुदत संपल्यावर नाव घालताही येत नाही. या संदेशावर विसंबलेला माणूस यादी वेळेत तपासतच नाही.

प्रस्तुत लेखक अ‍ॅडमिन असलेल्या ग्रुपवर एका निवृत्त अधिकाऱ्यांनी हाच संदेश टाकला. त्यांना वरचे सगळे नियम खासगीत कळवले गेले. त्यांचे उत्तर असे : “अहो, चूक असेल. पण लोक मतदानाला तर बाहेर पडतील ना!” म्हणजे खरे-खोटे त्यांच्या हिशेबातच नव्हते. नियमांचा खुलासा वाचून त्यांनी अंगठा दाखवला आणि तोच संदेश शेजारच्या विंगच्या ग्रुपवर टाकला. इथला हटवला तेव्हा मात्र, “तुम्ही कोणत्या पक्षाचे ते कळलं आता,” असे सगळ्यांसमोर लिहिले. गंमत अशी की त्या संदेशात कोणत्याच पक्षाचे नाव नव्हते.

अशा माणसाशी मजकुराच्या खरेपणावर वाद घालू नये. त्यात वेळ जातो आणि संदेश वर वर येत राहतो. नियमावर बोट ठेवावे. त्यासाठी नियम आधी हवा. ‘निवडणुकीबद्दलचा मजकूर चालणार नाही, मतदान केंद्राची माहिती फक्त निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून’ एवढा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत, निवडणूक दूर असताना करून घ्यावा. अ‍ॅडमिन दोन असावेत, आणि शक्यतो दोघांची मते जुळणारी नसावीत. पहिला हटवलेला संदेश आपल्या मताच्या माणसाचा असला तर पुढचे बरेच टोमणे वाचतात. खुलासा दोन ओळींत द्यावा, मूळ खोटा मजकूर पुन्हा चिकटवू नये. मतदान संपण्याआधीच्या अठ्ठेचाळीस तासांत, जेव्हा जाहीर प्रचारालाही बंदी असते, ‘फक्त अ‍ॅडमिन’ची सोय चालू करावी. बाकी शांत राहावे, स्रोत तपासावा वगैरे सगळे सांगतातच.

पोलिसांची भीती अ‍ॅडमिनला नेहमी दाखवली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की संगनमत नसेल तर सदस्याच्या संदेशासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. सदस्याचा संदेश सर्वांसाठी हटवण्याचा अधिकार त्याला त्यानंतर, २०२२ मध्ये मिळाला. हटवणे सोपे झाले आहे. हटवल्यावर एकटे पडणे तसेच आहे. “बरोबर केलंत” असे खासगीत कळवणारे कमिटी सदस्य ग्रुपवर चकार शब्द काढत नाहीत. ज्या कमिटीला ग्रुप हवा आहे, तिने अ‍ॅडमिनच्या बाजूने निदान एक ओळ सगळ्यांसमोर लिहावी. तेही जमणार नसेल तर हे काम कमिटीनेच करावे.