परदेशातून आलेला नकली माल परत कसा करावा?

इंटरनेटवरून वस्तू मागवणे आता होस्टेलात नवलाईचे राहिलेले नाही. गेटवर वॉचमन काकांच्या टेबलाखाली रोज पार्सलांचा ढीग पडलेला असतो. त्यातली बरीच पाकिटे थेट परदेशातून येतात, कारण प्रोजेक्टला लागणारे सुटे भाग तिकडे स्वस्त मिळतात. पण तिकडून आलेला माल नकली निघाला तर काय करायचे, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते, "जाऊ दे यार, गेले पैसे." पैसे असे जाऊ द्यायची गरज नाही. मात्र रस्ता थोडा वाकडा आहे आणि प्रत्येक वळणावर मुदत आहे. आमच्या ग्रुपच्या एका ऑर्डरच्या निमित्ताने मी तो रस्ता पुरता फिरून आलो, म्हणून हे लिहितो.

माझे गाव वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. आमच्या गावची चक्राकार पायऱ्यांची बारव तुमच्यापैकी काहींनी फोटोत पाहिली असेल. बारवेतल्या आणि आसपासच्या विहिरींतल्या पाण्याची पातळी नोंदवायची, सोबत दर दहा मिनिटांनी एक फोटो साठवायचा, असे यंत्र करण्याचा आमचा प्रोजेक्ट होता. चौघांनी मेसच्या पैशांतून वाचवून वर्गणी काढली. २०२३ च्या उन्हाळ्यात एका परदेशी विक्रेत्याकडून ६४ जीबीची दहा मेमरी कार्डे आणि वेळ दाखवणारी पाच मॉड्यूल मागवली. सुट्टीत होस्टेल बंद, म्हणून पत्ता वालूरचा दिला. कार्डांवर नामांकित कंपनीचे नाव ठळक छापलेले होते.

आता पहिला धडा. माल नकली आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजून ठरवा. नकली मेमरी कार्डाची करामत अशी असते की आत चिप असते ८ किंवा १६ जीबीची, पण तिचा कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटेच सांगतो की मी ६४ जीबीचा आहे. सुरुवातीच्या फायली नीट बसतात. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर हवेत जातो, नाहीतर जुन्याच डेटावर लिहिला जातो. फायलींची नावे मात्र सगळी दिसतात! म्हणून कार्ड घातले, साइझ दिसली, चालते बुवा, एवढ्यावर थांबू नये. विंडोजवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' आणि लिनक्सवर 'एफ-थ्री' हे फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत. ते पूर्ण कार्ड ठराविक डेटाने भरतात आणि मग तोच डेटा परत वाचून ताडून पाहतात. एका कार्डाला काही तास लागतात, पण शेवटी किती जागा खरी आणि किती खोटी याचा आकडा समोर येतो. आमच्या दहाच्या दहा कार्डांत ८ जीबीच्या आतच खरी जागा निघाली.

इथे एक सूचना. ६४ जीबीचे कार्ड कॉम्प्युटरवर ५९.६ दाखवते, म्हणून कुणी भांडायला जाऊ नये. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तो फरक गणिताचा आहे, फसवणुकीचा नाही.

मॉड्यूलची गोष्ट वेगळी होती. जाहिरातीत डीएस३२३१ 'एसएन' ही चिप लिहिली होती, आल्या त्या 'एम' प्रकारच्या. दोन्ही चिपा खऱ्या असू शकतात, पण पहिलीची चूक साधारण तापमानात दशलक्षात २ आणि दुसरीची ५. म्हणजे वर्षाला सुमारे १ मिनिट आणि सुमारे अडीच मिनिटे. हा माल नकली नव्हता, वर्णनाप्रमाणे नव्हता. हा फरक मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा मार्ग या दोन शब्दांवर फाटे फोडतो.

काही जण म्हणतील, नकली तर नकली, चालतंय ना? त्यांनी एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीचा किस्सा वाचावा. यूएसबीला सिरियल पोर्ट जोडणारी तिची चिप जगभर नक्कल होऊन विकली जात होती. २०१४ मध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि तो नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करू लागला. लोकांची चालती यंत्रे एका रात्रीत कॉम्प्युटरला ओळखू येईनाशी झाली. ज्यांनी बोर्ड विकत घेतले त्या बिचाऱ्यांना आत नकली चिप आहे हे ठाऊकही नव्हते. मोठी ओरड झाली आणि तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. माझ्या मते कंपनीने ग्राहकाला धरून मारले, चोर सुटला.

आता परत पाठवण्याचे. विक्रेत्याशी जे काय बोलायचे ते साइटच्या आतच बोलावे, बाहेर ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर नाही. बाहेरचे बोलणे वादाच्या वेळी सहसा धरले जात नाही. इंग्रजी सोपी ठेवा, कारण पलीकडचा माणूस बहुधा मशीनने भाषांतर करून वाचतो. एक वाक्य, एक आकडा, एक फोटो. आमच्या विक्रेत्याने आधी "दोन आठवडे थांबा" म्हटले, मग "२० टक्के घ्या आणि वाद बंद करा" म्हटले. दोन्हीही जुन्या युक्त्या आहेत. थांबले की मुदत जाते, आणि एकदा बंद केलेला वाद बहुतेक ठिकाणी परत उघडत नाही. मी दोन्हींना नम्रपणे नाही म्हणालो.

मग तो म्हणाला, सगळा माल चीनला परत पाठवा. ऐकायला न्यायाचे वाटते, पण यात खरी गोम आहे. तिकडून इकडे पाकीट स्वस्तात येते आणि इकडून तिकडे जाताना महाग पडते, हे कसे? जागतिक टपाल संघात १९६९ पासून अशी पद्धत आहे की पाठवणाऱ्या देशाचे टपाल खाते पोचवणाऱ्या देशाला ठराविक मोबदला देते. विकसनशील देशांसाठी हे दर बरीच वर्षे कमी होते आणि चीनच्या लहान पाकिटांना त्याचा मोठा फायदा झाला. अमेरिकेने याच कारणावरून संघ सोडण्याची धमकी दिली, तेव्हा २०१९ मध्ये जिनिव्हाला खास अधिवेशन भरून दर बदलण्याचे ठरले. तरी आपल्यासारख्या सुट्या ग्राहकाला एक पाकीट पाठवायला पूर्ण भाडे पडते. विक्रेत्याला हे पक्के माहीत असते. "परत पाठवा" म्हटले की निम्मे ग्राहक गप्प बसतात, असा त्याचा हिशोब असावा.

दुसरी गोम त्याहून मोठी. नकली ब्रँडचा माल आंतरराष्ट्रीय टपालाने पाठवायला टपाल संघाच्या करारातच मनाई आहे. आपल्याकडेही २००७ च्या नियमांनुसार ब्रँडच्या मालकाने नोंदणी केली असेल तर कस्टम्सवाले असा माल अडवतात. म्हणजे नकली कार्डे परत पाठवायला गेलो तर नियम आपणच मोडणार, आणि पाठवली तर तीच कार्डे दुसऱ्या कुणा पोराला विकली जाणार. म्हणून मी साइटला स्पष्ट लिहिले की माल बनावट आहे, टपालाने पाठवण्यास मनाई आहे, परत हवा की नष्ट करायचा ते लेखी कळवा. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या, तज्ज्ञाचे पत्र आणि नष्ट केल्याचे फोटो. लॅबमधल्या सरांनी स्वतःसमोर पुन्हा चाचणी घेतली आणि कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळींचे पत्र दिले. "पत्रात मी फक्त मोजलेले लिहीन हं, तुझा राग नाही," असे सर म्हणाले. कार्डे पक्कडीने मोडली, फोटो काढले, आणि कार्डांचे पूर्ण पैसे परत आले. विनिमय दर बदलल्याने थोडे रुपये कमी भरले, ते धरायचे नाहीत.

साइटने ऐकलेच नसते तर पुढची पायरी कार्ड देणाऱ्या बँकेची होती. तिला चार्जबॅक म्हणतात. व्हिसाच्या नियमावलीत बनावट मालासाठी १३.४ आणि वर्णनाप्रमाणे नसलेल्या मालासाठी १३.३ अशी वेगवेगळी कलमे आहेत. १३.३ मध्ये माल परत केला किंवा करण्याचा प्रयत्न केला हे दाखवावे लागते. १३.४ मध्ये परत करण्याची अट नाही, पण माल नकली असल्याचे ब्रँडमालक, सरकारी खाते किंवा त्रयस्थ जाणकाराने सांगितलेले लागते. साधारण मुदत १२० दिवसांची, तरी बँकेकडे लवकरात लवकर जावे. आणि तक्रार ज्याचे कार्ड त्यानेच करायची. मित्राच्या दादाचे कार्ड वापरले असेल तर दादालाच फोन लावावा लागेल.

मॉड्यूल मात्र टपालाने परत गेली, कारण त्यांना कसलीच मनाई नव्हती. आधी विक्रेत्याकडून परतीचे भाडे कबूल करून घेतले आणि पत्ता इंग्रजीत व चिनी लिपीत दोन्हीत मागवला. मॉड्यूलवरचे नाण्याएवढे सेल काढून ठेवले. बॅटरीच्या बाबतीत टपालवाले कडक असतात आणि ते बरोबरच आहे. सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळे नकली पॉवर बँक परत करण्याचा विचारच सोडा, तिथेही नष्ट करण्याची परवानगी मागा. परभणीच्या मुख्य टपाल कचेरीत कस्टम्सचा फॉर्म भरताना 'विक्रीचा माल' किंवा 'भेट' यावर खूण करू नका. 'परत केलेला माल' असा वेगळा चौकोन असतो, त्यावर करा. नाहीतर तिकडे कर लागतो आणि विक्रेत्याला पाकीट न घेण्याचे निमित्त मिळते. काउंटरवरच्या काकांनी पाकिटावर चीन पाहून विचारले, "पोरा, तिकडून सगळेच मागवतात, तू तिकडं काय पाठवायला?" सांगितले तर ते मनापासून हसले, पण वजन दोनदा करून पावती नीट दिली.

पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक जपा. त्यातही आपल्या कामाचे गणित आहे. पुढे दोन अक्षरे, मागे देशाची दोन, मध्ये नऊ आकडे. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचे, बेरीज करून ११ ने भागायचे आणि बाकी ११ मधून वजा करायची. १० आले तर ०, ११ आले तर ५ धरायचे. समजा आकडे १२३४५६७८ आहेत. बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. विक्रेते कधी कधी माल न पाठवताच खोटा क्रमांक देतात, तो या गणिताने दोन मिनिटांत पकडता येतो. अर्थात क्रमांक गणितात बसला म्हणजे माल निघाला असे नाही.

कायद्याचे थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार खरा असल्याचा खोटा दावा केलेला माल तो बनावट माल. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत द्यायचे असते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे वालूरच्या माणसाने परभणीत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत २ वर्षे. पण खरे सांगायचे तर समुद्रापलीकडच्या एकट्या विक्रेत्याकडून हुकमाची वसुली करणे अवघड. म्हणून साइट आणि बँक आधी, आयोग नंतर, असा क्रम मी ठेवला असता.

मॉड्यूल पोचल्याची नोंद ट्रॅकिंगवर आल्यावर आठवड्याने त्यांचेही पैसे आणि भाडे जमा झाले. त्या पैशांतून कार्डे औरंगपुऱ्यातल्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतली, आणि दुकानात बसूनच एकाची पूर्ण चाचणी लावली. दुकानदार वैतागला, पण त्याने चहा पाजला. सरांच्या पत्राचा नमुना डिपार्टमेंटच्या फाईलला लावून ठेवला आहे. ज्याला लागेल त्याने झेरॉक्स काढून घ्यावी आणि मूळ कागद जागेवर ठेवावा.