खाडीचा धडा आणि आपल्या बोडीतले मासे



वर्गात 'खाडी' हा शब्द आला की एटापल्लीकडची मुलं गप्प होतात. समुद्र बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. अशा वेळी नकाशा उघडावा. आपली बांडिया इंद्रावतीला मिळते, इंद्रावती सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपलं पाणीही शेवटी खाडीतच जातं.

खाडीत भरती-ओहोटीमुळे पाणी रोज हलतं आणि खारटपणा बदलतो. न मानवलं तर मासा तिथून निघून जातो. आपल्या बोडीतल्या किंवा तलावातल्या माशाला मात्र जायला जागा नाही. पाणी जसं असेल तशी त्याची वाढ. म्हणून हा धडा बोडीच्या पाळीवरच शिकवावा.

मासा कशाने वाढतो?

रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडे सोडले जाणारे मासे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. साधारण 25 ते 32 अंश सेल्सिअस तापमानात त्यांची वाढ चांगली होते. थंडीत भूक मंदावते, तशी वाढही मंदावते. पण सगळ्यात महत्त्वाचा असतो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. तो लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर असला तर मासा नीट खातो-वाढतो. 3 च्या खाली गेला की त्रास सुरू होतो.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाला लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला साडेसातच. त्यात उन्हाळ्यात बोडी आटते आणि तेवढ्याच मासळीला पाणी थोडं उरतं.

पहाटेच मासे का मरतात?

हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. रात्री ते काम थांबतं, पण शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा पाला, सगळे श्वसन करतच राहतात. त्यामुळे सूर्योदयाआधी ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. आदला दिवस ढगाळ असेल तर आणखीच कमी.

गावात मासे तरंगलेले दिसले की पहिलं वाक्य येतं, "कोणीतरी औषध टाकलं." मग शेजाऱ्यावर संशय आणि वर्षानुवर्षांचं वैर. विषाचा प्रकार कधी खरा असूही शकतो, पण आधी नीट पाहावं. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत होते का? मोठे मासे आधी मेले का? ऊन चढल्यावर उरलेले सावरले का? तसं असेल तर बहुधा ऑक्सिजन कमी पडला. बेडूक, पाणकिडे आणि लहान-मोठे सगळेच मासे एकदम मेले असतील तर विषाची शंका घ्यावी. कारण कळेपर्यंत ते मासे कोणी खाऊ नयेत.

मुलं लगेच म्हणतील, "सर, मरळ तर चिखलातही जगते!" बरोबर आहे. मरळ आणि मागूर वर येऊन हवेतूनही श्वास घेतात. रोहू-कटल्याला ते जमत नाही.

करून पाहू

मोठं माणूस सोबत असताना काठावरून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ किंवा गाळ जास्त आहे. शेवाळाने पाणी गडद हिरवं झालं असेल तर शेण-खत टाकणं थांबवावं. सकाळी आणि दुपारी पाण्याचं तापमान मोजून आठवडाभर वहीत लिहा. आभाळ कसं होतं तेही लिहा.

मासे वर तोंड काढू लागले तर खाद्य बंद करावं, ताजं पाणी सोडावं किंवा पंपाने तेच पाणी उंचावरून पाडावं.

माडिया घरात मासोळीला 'मीन' म्हणतात, आपल्या मीन राशीतला तोच शब्द. धडा तिथून सुरू केला तर मागच्या बाकावरचं मूलही बोलू लागेल. आणि उद्या गावात मासे मेले, तर भांडणाआधी "पहाटे काय दिसलं?" असं विचारणारं एक तरी मूल तिथे असेल.