ताट पुढे आलं की मागे सरू नकोस

अगं, डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला निघालीस म्हटल्यावर मसाले, कुकर, छत्री अशा याद्या तुला सगळ्यांनीच दिल्या असतील. माझं सांगणं वेगळं आहे. पहिल्याच वर्षी एखाद्या गावची फिएस्ता गाठ. आणि कुणी घरात बोलावलं, तर दारातून परत फिरू नकोस.

तिकडे गावागावाचा आपापला संत, आणि त्याच्या नावाचा वर्षाचा सण, तीच फिएस्ता. मनिलाच्या आसपास असलीस, तर १५ मेला लुकबानला पाहियास नावाचा सण बघायला जा. बनाहाव डोंगराच्या पायथ्याचं हे गाव. सण सान इसिद्रोचा, तो शेतकऱ्यांचा संत. पीक हाती आलं म्हणून त्याचे आभार मानायचे. मिरवणुकीच्या वाटेवरची घरं भाताच्या लोंब्या, भाज्या आणि फळांनी मढवतात. त्यात किपिंग नीट बघ. तांदळाचं रंगीत पीठ झाडाच्या पानावर पातळ पसरतात, वाफवतात, वाळवून अलगद सोडवतात. उन्हासमोर धरलंस, तर पानाची शीर न् शीर उमटलेली दिसते. अशी शेकडो पानं ओवून घरावर टांगतात. त्यामागे घरादाराची किती मेहनत आहे ते ओळख, आणि फोटो विचारून काढ.

आता जेवणाचं. 'काइन तायो', म्हणजे 'चला, जेवूया', हे तुला रोज ऐकू येईल. एरवी ते आपल्या 'या जेवायला'सारखंच. हसून 'सालामात पो', म्हणजे 'धन्यवाद', म्हणून पुढे गेलं तरी चालतं. सणाच्या दिवशी मात्र ते मनापासूनचं आमंत्रण असतं. ओळखीचा ओळखीच्याला घेऊन येतो, आणि त्या अनोळखी पाहुण्यालाही ताट मिळतं. तू संकोचून दारातच उभी राहिलीस, तर घरच्यांना वाटेल, आपलंच काहीतरी कमी पडलं.

आत गेल्यावर आधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाकडे जा. 'मानो पो' म्हणून त्यांचा हात हातात घे आणि वाकून कपाळाला लाव. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. फळं ने, नाहीतर केक ने. या एका दिवसासाठी कितीतरी घरं महिनोन् महिने पैसे साठवतात, परदेशात राबणारी मुलं पैसे पाठवतात. म्हणून पानात थोडंच घे, पण घेतलेलं संपव.

तू शाकाहारी आहेस, हे बोलावणाऱ्याला आदल्या दिवशीच सांग. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. डुक्कर, कोंबडी, मासे, कोळंबी असं एकेक नाव घेऊन सांग. भाजीतही मांसाचे तुकडे किंवा कोळंबीची खारवलेली चटणी असू शकते. भात, आंबे, आणि केळीच्या पानात बांधलेला, नारळाच्या दुधातला चिकट भात, सुमान, हे तुझं हक्काचं जेवण. लुकबानच्या पानसित हाबहाब नावाच्या शेवया केळीच्या पानावर देतात. त्यावर व्हिनेगर घालायचं आणि पान तोंडाला लावून खायचं, काटा-चमचा काही नाही. त्यातही मांस असतं. तुला नको असेल तर नुसती गंमत बघ, नाक मात्र मुरडू नकोस.

दारूचा एकच पेला हातोहात फिरतो, त्याला तागाय म्हणतात. नको असेल तर हसून नाही म्हण आणि तिथेच गप्पा मारत बस. सोबत मैत्रीण असू दे, आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेव. आदरातिथ्य कितीही मोठं असलं, तरी आपली काळजी आपणच घ्यायची. कॅराओकेचा माइक हातात आला तर बिनधास्त गा. सुरांचा हिशेब कुणी ठेवत नाही. वय काय, लग्न झालं का, भावंडं किती, असं विचारतील. चिडू नकोस, तूही त्यांची चौकशी कर. निघताना डबा बांधून देतील. तो घे.

आणि हे विसरू नकोस. एवढं प्रेम घेतलंस, की परतफेडीची वेळ तुझी. दिवाळीत तुझ्या खोलीवर त्यांना बोलाव, पोहे कर, शिरा कर, पहिलं ताट त्यांच्यापुढे ठेव. पाहुणचार घ्यायला शिकलीस तशी करायलाही शीक; परक्या गावात आपली माणसं त्यानेच जोडली जातात.