मैद्याऐवजी बदामाचे पीठ : बेकरीवाल्यांनी काय जाणून घ्यावे

आम्ही कापडाचे व्यापारी. बेकरीच्या धंद्यावर आम्ही लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या पेठेत बेकऱ्या पुष्कळ आहेत, त्यांच्याशी आमची रोजची उठबस आहे, आणि अलीकडे त्यांच्या तोंडून एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो. गिऱ्हाईक गव्हाशिवायची बिस्किटे मागते. मैद्याच्या जागी बदामाचे पीठ घातले तर माल बनेल काय आणि पैसे सुटतील काय? जाणत्या कारागिरांना विचारून आणि स्वतः हिशेब करून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

हे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक हौसेचे किंवा साखरेच्या आजाराच्या धास्तीने आलेले. दुसरे सीलियाक नावाच्या आजाराचे. या आजारात गव्हातील ग्लुटेन पोटात गेले की लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्यावर इलाज एकच, गहू, जव आणि त्यांचे पदार्थ जन्मभर वर्ज्य करणे. पहिले गिऱ्हाईक आज येईल, उद्या दुसरीकडे जाईल. दुसरे मात्र तुमच्या शब्दावर आपल्या मुलाच्या तोंडात घास घालते. या दोघांना एकाच तागडीत तोलू नये.

आता मूळ मुद्दा. बदामाच्या भुकटीला पीठ म्हणतात खरे, पण मैद्याचा गुण तिच्यात नाही. मैद्यात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांचे लवचीक जाळे तयार होते. ते जाळे म्हणजे ग्लुटेन. आमच्या भाषेत सांगायचे तर मैद्याला ताणा-बाणा असतो. खमिराचा वायू त्या विणीत अडकतो, म्हणून पाव फुगतो. बदामाला ही वीण नाहीच. कितीही मळा, सूत धरत नाही. १०० ग्रॅम बदामात साधारण ५० ग्रॅम तेल आणि २१ ग्रॅम प्रथिने असतात. मैद्यात तेल जेमतेम १ ग्रॅम, आणि पाऊणशे ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग. म्हणजे मैदा काढून बदाम घालणे हे पीठ काढून अर्धे तूप घालण्यासारखे झाले. मैद्याचा नुस्खा जसाच्या तसा ठेवून बदाम घालणारा कारागीर ट्रेवर तेलात पोहणारी चपटी बिस्किटे काढतो आणि मग दोष बदामाला देतो.

म्हणून पाव, खारी, बटर, टोस्ट यांचा विचार सोडून द्यावा. नानखटाई, बिस्किटे, केक आणि मॅकरून हे मात्र उत्तम बनतात, कारण त्यांना ताणाची गरज कमी. सुताला बळ नसेल तर आपण कांजी देतो; येथे कांजीचे काम अंडे करते. हा काही आजचा शोध नाही. बगदादच्या दहाव्या शतकातील पाकशास्त्राच्या ग्रंथात बदामाच्या लौझीनजच्या कृती आहेत. स्पेनमधील सँटियागोचा प्रसिद्ध केक फक्त बदाम, साखर आणि अंडी यांवर उभा आहे. तिन्ही जवळजवळ समान वजनाने घेतात, मैद्याची चिमूटही नाही. आपल्या देशात तुतिकोरिनचे मॅकरून काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्यावर बनते. तेव्हा हुनर जुनेच आहे, बाजार नवा आहे.

पीठ शक्यतो घरी दळावे. दळलेल्या तयार मालात शेंगदाणा किंवा जर्दाळूच्या बियांची भेसळ डोळ्यांना दिसत नाही, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ती जिवावर बेतू शकते. अख्खा बदाम पारखता येतो. त्यातला कडू दाणा चाखताच थुंकून टाकावा, तो विषारी असतो. बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून साल काढावी आणि पूर्ण कोरडा करावा. यात घाई नको. ओला बदाम दळला की पीठ न होता लगदा होतो. दळताना यंत्र थांबत थांबत, थोडे थोडे फिरवावे. नुस्ख्यातील मूठभर साखर सोबत टाकली तर ती सुटणारे तेल धरून ठेवते. मग चाळावे आणि जाड भाग पुन्हा दळावा. सालीसकट दळलेली भरड स्वस्त पडते, पण रंग काळपट येतो. नानखटाईला ती शोभत नाही. तेल काढून घेतलेल्या बदामाची भुकटीही बाजारात येते. ती पाणी जास्त पिते, तिचा नुस्खा वेगळा, म्हणून दोन्हींची गल्लत करू नये. आणि मापाचा कप बाजूला ठेवावा, तराजू घ्यावा. एका कपात मैदा सुमारे १२५ ग्रॅम बसतो, तर बदामाचे पीठ १०० ग्रॅमच्या आसपास.

नानखटाईचे प्रमाण असे : बदामाचे पीठ ५०० ग्रॅम, दळलेली साखर १५० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, एका अंड्याचे पांढरे, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि वेलची. मैद्याच्या नानखटाईला याच्या दुप्पट तूप लागते. येथे बदाम स्वतःचे तेल घेऊनच येतो. मळू नये, नुसते एकत्र करून अर्धा तास थंड जागी ठेवावे. १५० ते १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटे पुरतात. बदाम लवकर करपतो, म्हणून मैद्याच्या मालापेक्षा आच १०-१५ अंश कमीच ठेवावी. लाकडाच्या भट्टीत पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर हा माल घालण्याची रीत होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. खर्चाचे ते दुखणे वेगळे, पण या मालाला काट्यावर धरलेली आच सोयीचीच आहे. भट्टीतून निघालेली नानखटाई मऊ असते. कच्ची राहिली समजून पुन्हा आत सारू नये. ट्रेवरच थंड होऊ द्यावी, मग ती धरते.

आता पैशाची बाजू. बहुतेक मंडळी येथेच फसतात. भाव रोज बदलतो, म्हणून आकडे नमुन्याचे समजावेत. बदाम ८०० रुपये किलो धरा. साल, चाळण आणि ओलावा यांत १० टक्के घट धरली तर पीठ सुमारे ८९० रुपये किलो पडते. वरच्या नुस्ख्याला ५०० ग्रॅमचे ४४५, तूप ७५, साखर, अंडे आणि वेलचीचे २०. एकूण ५४० रुपये. भाजून माल साधारण ७५० ग्रॅम हाती येतो. म्हणजे नुसता कच्चा माल किलोला ७२० रुपये, आणि मजुरी, इंधन, डबा, फुटलेला माल वेगळाच. मैद्याच्या नानखटाईचा दर मनात ठेवून 'थोडे जास्त' लावणारा दुकानदार प्रत्येक किलोमागे गाठचे पैसे वाटतो. हा माल किलोने विकायचाच नाही. रेशमाचा तागा गोणपाटाच्या ढिगाशेजारी कोणी ठेवत नाही. २०० ग्रॅमचा डबा करावा, आधी मागणी नोंदवावी, मग बनवावा. जगातील बदामाचा मोठा हिस्सा कॅलिफोर्नियात पिकतो आणि आपल्याकडे तो आयात होतो, म्हणून डॉलर चढला की तुमचा डबाही महागतो. सहा महिन्यांचा दर आधी बांधून देऊ नये.

दर परवडेना म्हणून काहीजण चौथा हिस्सा मैदा मिसळतात. चवीला ती नानखटाई झकास लागते, आणि 'बदाम-मैदा नानखटाई' म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. पण तोच डबा 'गव्हाशिवाय' म्हणून देणे म्हणजे आजारी मुलाला जाणूनबुजून इजा करणे आहे. कायद्यानेही आपल्याकडे 'ग्लुटेन-मुक्त' लिहायचे तर एका किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. हे प्रमाण किती बारीक आहे ते पाहा : एक किलो नानखटाईत चिमूटभर मैदा उडून पडला तरी ते ओलांडते. ज्या बेकरीत दिवसभर मैद्याची धूळ उडते तेथे ट्रे धुतल्याने भागत नाही. वेगळी खोली, वेगळी चाळणी, वेगळे फडके, वेगळा तुपाचा डबा लागतो, शिवाय प्रयोगशाळेची तपासणी. बेकिंग पावडरमध्ये गव्हाचे पिष्ट नाही ना, हेही वेष्टनावर वाचावे. ज्याला हे झेपत नाही त्याने 'ग्लुटेन-मुक्त' हा शब्द डब्यावर घालू नये. 'बदामाची नानखटाई, येथे गव्हाचे पदार्थही बनतात' असे ठळक लिहावे. डब्यात बदाम, अंडे आणि दूध-तूप आहे हेही लिहिणे बंधनकारक आहे. साखरेच्या रुग्णाला 'खा, काही होत नाही' असे सांगण्याचा मोह आवरावा. पिष्ट कमी झाले तरी साखर आत आहेच, आणि बदामात उष्मांक मैद्यापेक्षा दीडपटीहून जास्त.

राहता राहिली साठवण. दळलेल्या बदामाचे तेल उघडे पडते, हवा आणि उष्णता लागली की खवट होते. म्हणून आठवड्यापुरतेच दळावे, घट्ट झाकणाच्या डब्यात शीतकपाटात ठेवावे आणि काढल्यावर डबा खोलीच्या उष्णतेला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर पिठाला पाणी सुटते. तयार नानखटाई पावसाळ्यात चटकन सादळते. डब्याला आतून कागद लावावा, झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि बनवल्याची तारीख हाताने का होईना, पण नक्की घालावी.