रुग्णालयातील टाकाऊ प्लास्टिक व त्यातील रसायने

आमच्या भिवंडीत सूत म्हणजे काय, हे लहान मुलासही सांगावे लागत नाही. कापड उसवले की सूत निघते आणि सुताचा पीळ सोडला की तंतू निघतात. प्लास्टिकची रचनाही काहीशी अशीच आहे. लहान लहान रेणू एकापुढे एक गुंफून त्याच्या लांबच लांब साखळ्या बनतात. तेव्हा रुग्णालयात एकदाच वापरून टाकलेले प्लास्टिक उकलून त्यातून उपयुक्त द्रव्ये मिळविता येतील काय, याचा आपण येथे विचार करू.

या वस्तू एकाच जातीच्या नसतात. सिरिंजेचे नळकांडे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, तर रक्ताची पिशवी बहुधा पीव्हीसीची असते. हवा लागू न देता सुमारे ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटतात व तेल आणि ज्वलनशील वायू निघतात. हे तेल शुद्ध केल्यास इंधन म्हणून, अथवा नवीन प्लास्टिकचा कच्चा माल म्हणून उपयोगी पडते. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे घरगुती टाकाऊ प्लास्टिकपासून असे तेल काढून दाखविण्यात आले आहे. पीव्हीसीची गोष्ट मात्र निराळी. त्यात क्लोरिन असल्यामुळे तापताच आम्लाच्या वाफा सुटतात; त्या यंत्र गंजवितात व तेल नासवितात. म्हणून सर्व प्लास्टिक एकत्र कालविले गेले की पुढील सारी क्रियाच बिघडते.

दुसरी अडचण रोगजंतूंची. सन २०१६ च्या नियमांप्रमाणे नळ्या, बाटल्या, हातमोजे व सुई काढलेल्या सिरिंजा तांबड्या पिशवीत टाकावयाच्या असतात. पुढे दाबाखालील वाफेत, उदाहरणार्थ १२१ अंशांवर ६० मिनिटे ठेवून, त्या निर्जंतुक करतात व त्यांचे तुकडे करतात. मगच तो माल अधिकृत कारखान्याकडे जातो. तुकडे कशासाठी, असे कोणी विचारील. सन २०२० मध्ये, करोनाची साथ चालू असताना, नवी मुंबईत पावणे येथे वापरलेले हातमोजे धुऊन पुन्हा विकण्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. अखंड वस्तू लोभी माणसाच्या हाती पडली म्हणजे असा अनर्थ ओढवतो. तुकड्यांचा कोणी हातमोजा करू शकत नाही.

सारांश, या रसायनविद्येचा पहिला धडा प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णाच्या खाटेपाशी गिरविला जातो. तेथे निवड चुकली तर पुढे उत्तम यंत्रही हतबल होते. विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी कित्येकांच्या घरी मधुमेहाचे इंजेक्शन घेणारे वडीलधारे असतील. त्यांच्या वापरलेल्या सुया व सिरिंजा टणक, झाकणाच्या डब्यात साठवाव्या व सफाई कामगारास सांगून वेगळ्या द्याव्या. आपल्या कचऱ्यात हात घालणारा मनुष्यही कुणाचा तरी पिता किंवा कुणाची तरी माता आहे, एवढे ध्यानी ठेवले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.