नफा की विक्री?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'उलाढाल' हा शब्द मला रूममेटने समजावला. पण खरा अर्थ कळला तो गॅदरिंगच्या वडापाव स्टॉलवर. आम्ही ऐटीत पाटी लावली, 'नफ्यातील १० टक्के झाडांसाठी!' विक्री झाली ४,२०० रुपये, खर्च ४,३५०. झाडांच्या वाट्याला भोपळा!

अमेरिकेतल्या दोघांनी ही गोम आधीच ओळखली होती. पेटागोनिया कंपनीचे गिर्यारोहक संस्थापक इव्हॉन शुइनार्ड आणि मासेमारीच्या साहित्याचे दुकानदार क्रेग मॅथ्यूज यांनी २००२ मध्ये 'वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट' ही संस्था काढली. सभासद कंपनीने वार्षिक विक्रीचा किमान १ टक्का पर्यावरणासाठी द्यायचा, मग वर्ष तोट्यात का जाईना!

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करतात. पर्यावरण हा त्यातला एक विषय.

आता गणित करू. समजा, दरवर्षी विक्री १०० कोटी, नफा ५ कोटी. नफ्याचे २ टक्के म्हणजे १० लाख, विक्रीचा १ टक्का म्हणजे १ कोटी. दहापट! अर्थात, तो नफ्याचा पाचवा हिस्सा झाला. सगळ्यांनाच झेपेल असं नाही.

म्हणून मित्रांनो, किती टक्के हे नंतर, कशाचे टक्के हे आधी विचारा. यंदा आमची पाटी 'विक्रीतील १ टक्का' अशी असेल. गेल्या वेळच्या हिशेबाने ४२ रुपये. हसू नका, भोपळ्यापेक्षा बरेच आहेत!